अनुमोदक

झुलाल सरांना माऊसचा बाण सापडेनासा झाला, तेव्हाच मला कळलं की आता आपलं अवघड आहे. सर म्हणजे माझा नवरा. दोघंही एकाच संस्थेत नोकरीला, शाळेत सर म्हणावंच लागे, मग घरीही तेच तोंडात बसलं. ते संगणक शिकवायचे आणि मी मराठी. बाण पडद्यावरच असायचा, मला तो दारातूनसुद्धा दिसायचा, आणि सर माऊस टेबलावर गोल गोल फिरवत त्याला शोधत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, माऊसमध्ये कचरा गेलाय. मी कितीदा तरी तो माऊस उघडून आतली गोळी पदराने पुसली. गोळीवर धुळीचा कण नव्हता.

शेवटी मी त्यांना धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. जळगावात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या मेहरूण भागाला कळलं असतं. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, नजर कडेकडून जातेय. नळीतून पाहावं तसं दिसतं. नळी हळूहळू बारीक होत जाणार. याला चष्मा नाही, ऑपरेशन नाही, औषध नाही. ती किती वर्षांत बंद होईल हे विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. मी त्या भल्या माणसावरच उखडले. सांगता येत नाही तर बोर्ड कशाला लावलाय, असं काहीतरी बोलले. सरांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं, आणि बाहेर आल्यावर पायरी न दिसल्याने तेच अडखळले.

येताना एस.टी.त ते पारोळ्यापर्यंत तिकिटाची घडी घालत, उलगडत बसले. मग आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "जूनलोंग कोनले सांगू नको. कायम हुई गयूत का मंग दखूत."

जूनपर्यंत कोणाला सांगू नकोस, कायम झालो की मग बघू. यात सगळं आलं. आम्ही दोघंही तात्पुरत्या नेमणुकीवर होतो. दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची, ती हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. नव्याण्णव सालच्या जूनमध्ये कायम करायच्या माणसांत आमची दोघांची नावं होती. कायम झालेल्या माणसाला डोळे गेले म्हणून काढता येत नाही, निदान सहज काढता येत नाही. तात्पुरत्याला काढावंही लागत नाही. त्याची पुढची ऑर्डर निघत नाही, एवढंच. म्हणून जूनपर्यंत सरांना दिसतंय असं जगाला वाटत राहायला हवं होतं.

आणि गंमत बघा, ते सगळं एका ब्राउझरवर येऊन ठेपलं.

झालं होतं असं की मुंबईच्या एका कंपनीने आपली जुनी मशिनं संस्थेला देणगी म्हणून पाठवली होती. विकतची सिस्टिम त्यांच्यावर चालेना आणि संस्थेला झेपेना. सरांनी त्यांच्यावर लिनक्स घातलं. ते फुकट असतं, आणि शिवाय त्याचं आतलं सगळं उघडं असतं, ज्याला हवं त्याने आपल्याला हवं तसं बदलावं. सर वर्षभर त्यात बुडून गेले होते. मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्या, पुण्याच्या मित्रांकडून मागवलेल्या सीड्या, त्यातून एकेक गोष्ट निवडून त्यांनी आपल्या शाळांसाठी एकच सीडी तयार करत आणली होती. जळगावपासून थेट पिंपळनेरपर्यंत संस्थेच्या सगळ्या शाळांत तीच बसणार होती. लिहायचं काय वापरायचं, चित्र काढायचं काय वापरायचं, सगळं ठरलं होतं. फक्त इंटरनेट बघायचा ब्राउझर कुठला, हे संस्थेच्या संगणक समितीने ठरवायचं राहिलं होतं. म्हणजे डिफॉल्ट कुठला. मशीन सुरू केलं की कोणी काही न विचारता जो आपणहून पुढ्यात येतो, तो.

सरांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. त्यांनी अक्षरांचा ब्राउझर घातला होता. काळा पडदा, त्यावर पांढरी ठळक अक्षरं, चित्र नाही, माऊस नाही. कीबोर्डवरची खाली जायची कळ दाबत एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जायचं. आमच्याकडच्या टेलिफोनच्या तारांवर चित्रांचं पान यायला चहा पिऊन होई, अक्षरांचं पान मात्र चटकन येई. जुनी मशिनंही त्याच्याने थकत नसत. हे सगळं खरंच होतं, त्यात लबाडी काही नव्हती. पण त्यात सरांना दिसतही होतं. ओळ ठरल्या जागी येई, नळीत मावे. वर्गात ते खुर्चीवर बसूनच सांगायचे, दोनदा खाली, आता एंटर, आणि पोरं कुठे पोचली हे त्यांना न बघता कळायचं. पोरांना वाटे, सर काय हुशार आहेत. हुशार होतेच ते.

मग मार्चमध्ये जीवराम आला. संस्थेचे अध्यक्ष पितांबर आबा, त्यांचा हा पुतण्या. पुण्यात संगणकाचं शिकून आला होता. मी त्याच्यात खोट शोधायचा फार प्रयत्न केला, कारण एखाद्याचा राग करायचा तर काहीतरी धरायला लागतं. पण पोरगा चांगला निघाला. सरांनी केलेलं काम बघून त्याने मनापासून दाद दिली. म्हणाला, सर, पुण्यातही कोणी एवढं केलेलं नाही. आणि पुढे म्हणाला, फक्त तेवढा ब्राउझर बदलू या. त्याने चित्रांचा ब्राउझर आणला होता, तोही फुकटच.

समितीची सभा आबांच्या कार्यालयात झाली. समितीत एक बाई हवी म्हणून मी होते. सरांनी शांतपणे आपलं म्हणणं मांडलं. तारा कशा आहेत, मशिनं कशी आहेत, पिंपळनेरला लाईन मधेच कशी तुटते. जीवराम म्हणाला, सर, हे उघडं सॉफ्टवेअर आहे, ज्याला अक्षरांचा हवा तो नंतर बदलून घेईल. त्यावर सर जे बोलले ते मला आजही पटतं. ते म्हणाले, पोरं बदलत नाहीत. जे पहिल्यांदा समोर येतं, त्यालाच ती इंटरनेट समजतात.

"म्हणूनच म्हणतो, सर," जीवराम म्हणाला. "तुमच्या ब्राउझरमध्ये मराठी दिसत नाही."

हे खरं होतं. मराठी पेपर तेव्हा नुकते इंटरनेटवर येऊ लागले होते. काळ्या पडद्यावर त्यांच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा यायचा. जीवरामने आपल्या मशीनवर पेपरचा फॉन्ट बसवून ठेवला होता. त्याने पान उघडलं. अर्ध्या मिनिटाने का होईना, वरून खाली एकेक पट्टी उमटत जळगावच्या बातमीचा मथळा आला, मराठीत, फोटोसकट. सगळे खुर्च्या सोडून मशीनभोवती गोळा झाले. आबा चष्मा सावरत मोठ्याने वाचू लागले. मग जीवराम माझ्याकडे वळला आणि म्हणाला, यशोदा मॅडम, तुम्ही मराठीच्या शिक्षिका, आपल्या पोरांनी इंटरनेटवर मराठी बघू नये का?

बघावी, हजारदा बघावी. जन्मभर मी पोरांना तेच सांगत आले. माझ्याच विषयाने माझ्याच घरावर असा वरवंटा फिरवावा याचा मला इतका संताप आला की मी म्हणाले, "मराठी कागदावर दिसते तेवढी पुरे." सगळे हसले. सरही हसले. ते पडद्याकडे तोंड करून उभे होते आणि त्यांना तो मथळा सापडलेला नव्हता हे फक्त मला कळत होतं.

आता आमच्या संस्थेची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्याकडे मतदान नसतं. आबांचे वडील संस्थापक. मतदानाने गावं फुटतात असं ते म्हणत, म्हणून प्रत्येक ठराव एकमतानेच व्हायचा. आणि ते एकमत तोंडदेखलं राहू नये म्हणून त्यांनी पायंडा पाडला होता, जो विरोधात बोलला त्यानेच अनुमोदक म्हणून उभं राहायचं. म्हणजे मनात किल्मिष राहत नाही. दुसऱ्या कोणाचं अनुमोदन चालत नाही. विरोध करणारा उभा राहीपर्यंत सभा उठत नाही. कोणी त्याला एक शब्द बोलत नाही. चहा येतो, पुन्हा चहा येतो, लोक घड्याळाकडे बघतात, खिडकीबाहेर बघतात. बाहेरच्या पाहुण्यांना या रीतीचं फार कौतुक. किती सुसंस्कृत, म्हणतात. मला विचाराल तर पोलीस ठाण्यात मारत असतील तेही यापेक्षा सरळ असेल.

सरांनी दुसरा चहा येऊ दिला नाही. उठले आणि म्हणाले, "चित्रांच्या ब्राउझरला माझं अनुमोदन आहे." आबांना भरून आलं. त्यांनी सरांची पाठ थोपटली आणि म्हणाले, तुमच्या समाजातून असा समंजस माणूस संस्थेला मिळाला हे आमचं भाग्य. असं ते नेहमी म्हणत, आणि प्रत्येक वेळी मला उठून जावंसं वाटे. मग त्यांनी रीतीचा दुसरा भाग सांगितला. अनुमोदकानेच ठराव पार पाडायचा. मेच्या एक तारखेला धुळ्याच्या शाळेत सीडीचं उद्घाटन, शिक्षण खात्यातले साहेब येणार, त्यांना नवा ब्राउझर झुलाल सरांनीच दाखवायचा.

घरी आल्यावर मी भांडले. आबांना सगळं सांगून टाकू म्हटलं. सर म्हणाले, सांगितलं तर जूनची वाट बघायचीही गरज उरणार नाही. मग आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. सुट्टीच्या दिवशी शाळेची संगणक खोली उघडून आम्ही सराव करायचो. ते मशीनसमोर बसायचे, मी पाठीमागे उभी. बाण डावीकडे न्यायचा असेल तर मी डाव्या खांद्याला बोट लावायचं, उजवीकडे तर उजव्या, वर न्यायचा तर मानेला, खाली तर पाठीला, आणि दाबायचं असेल तर बोट उचलायचं. उन्हाळा भयंकर होता, खोलीत पंखा नव्हता, माझ्या बोटांखाली त्यांचा शर्ट घामाने ओला व्हायचा. पण जमायला लागलं. एकदा तर त्यांनी सलग पाच पानं उघडली. ते इतके खूश झाले की मागे वळून माझ्याकडे बघून हसले, म्हणजे मी जिथे होते त्याच्या जरा बाजूला बघून. लग्नानंतर आम्ही एकमेकांच्या इतके जवळ कधी नव्हतो असं मला वाटलं. आणि त्याच वेळी मला आतून रडू येत होतं.

मेच्या एक तारखेला धुळ्याला मांडव, हार, गुलाबपाणी, सगळं झालं. साहेब मशीनजवळ आले. सर खुर्चीवर बसले, मी पाठीमागे उभी राहिले आणि खांद्यावर बोट ठेवणार, तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, जरा बाजूला व्हा, साहेब झाकले जातायत. मी हलले नाही. तो पुन्हा म्हणाला. मग आबांनीच माझ्या कोपराला धरून मला हळूच बाजूला घेतलं आणि त्या जागी साहेबांना उभं केलं.

सरांनी माऊस फिरवायला सुरुवात केली. बाण वरच्या कोपऱ्यात अडकला होता. मला तो दिसत होता आणि मी आबांच्या आणि भिंतीच्या मधे होते. सर माऊस ओढत राहिले, गोल, पुन्हा गोल. लोक आधी कौतुकाने थांबले, मग नुसतेच थांबले. सर म्हणाले, मशीन अडकलंय वाटतं. जीवराम म्हणाला, नाही सर, चालू आहे. साहेब वाकले आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, अहो, हा काय, इथेच तर आहे. ते बोटही सरांना सापडलं नाही. त्यांचा चेहरा त्या बोटाच्या उलट्या दिशेला वळला, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

सरांनी माऊस सोडला आणि हात मांडीवर ठेवले.

"मला दिसत नाही, साहेब," ते म्हणाले.

त्यानंतर सगळे आमच्याशी फार चांगले वागले. आबा घरी आले, सफरचंदं घेऊन आले, माझ्या हातचा चहा प्यायले. आधी का नाही सांगितलं, असं पुन्हा पुन्हा म्हणाले. आधी सांगितलं असतं तर काय केलं असतं, हे मी विचारलं. त्यांनी सफरचंदांची पिशवी माझ्याकडे सरकवली.

जूनच्या तोंडावर संस्थेची सभा भरली, ज्यांचे विषय होते त्या आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. त्याच कार्यालयात, त्याच खुर्च्यांवर. आबांनी ठराव वाचला. झुलाल सरांनी संस्थेसाठी केलेल्या कामाचा गौरव करण्यात येत आहे आणि प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना सेवेतून मोकळं करण्यात येत आहे. सरांचं नाव कायम करायच्या यादीत आधीच चढलं होतं, म्हणून नुसती ऑर्डर न काढून भागत नव्हतं, ठरावच लागत होता. पुढे बाकीच्यांच्या कायम होण्याचा विषय होता. मला त्यांनी घातलेला हा क्रम आवडला. आधी नवऱ्याला काढायचं आणि मग बायकोला कायम करायचं.

मी विरोध केला. रीतसर, उभी राहून केला. म्हटलं, सर शिकवू शकतात, वर्षभर शिकवतच होते, एकाही पोराला शंका आली नाही. अक्षरांचा ब्राउझर पुन्हा समोर आणा. चित्रांचा आत राहू दे, ज्याला हवा तो उघडेल. जीवरामला विचारलं, हे होईल की नाही? तो खाली मान घालून म्हणाला, होईल मॅडम, एक ओळ बदलायची फक्त. खरं सांगते, त्याच्यावरचा माझा राग त्या क्षणी गेला. पण आबा म्हणाले, ब्राउझरचा ठराव झालेला आहे, तो एकमताने झालेला आहे, आणि त्याला अनुमोदन सरांचंच आहे. झालेला ठराव संस्था फिरवत नाही.

मग ते माझ्याकडे बघून थांबले. विरोध मी केला होता, आता अनुमोदन मी द्यायचं होतं.

मी खाली बसले. आणि बसता बसता माझ्या लक्षात आलं की यांच्या हातातलं हत्यार आता माझ्या हातात आहे. मी उठले नाही तर ठराव होत नाही. ठराव झाला नाही तर सरांना मोकळं करता येत नाही. मला इतका आनंद झाला की हसू आवरायला ओठ दाबून धरावे लागले. मनात म्हटलं, बसा आता. चहा येऊ दे, दहादा येऊ दे. मी काही इथून उठत नाही, तुमच्या संस्थापकांनी येऊन सांगितलं तरी उठत नाही.

चहा आला. पुन्हा चहा आला, बरोबर फरसाण आलं, ते कोणी खाल्लं नाही. बाहेर ऊन उतरलं. एकजण दोनदा बाहेर जाऊन आला. उकाड्याने आबांना बसवेना, ते आपल्या खुर्चीवरून उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. तिथूनच, मागे न वळता, ते म्हणाले की यशोदा मॅडमच्या मनात संस्थेविषयी काही असेल तर त्यांना कायम करण्याचाही पुन्हा विचार करावा लागेल. आवाज तोच, मऊ. मी मान हलवली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. काढा म्हणावं, दोघांनाही काढा, पण माझ्या तोंडून नाही.

माझ्या शेजारी सरांची खुर्ची सरकली.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, हळूच, बोट बोट करून. मग ते उभे राहिले.

"विरोध माझाही आहे, आबा," ते म्हणाले. "म्हणून अनुमोदन मीच देतो."

असं म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडले. आबा खिडकीशी होते. सरांनी हात जोडले ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, आणि आबा काहीतरी बोलतील म्हणून ते तसेच वाट बघत उभे राहिले.